फळा, भ्रमणध्वनी आणि गुरुजी

आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा नदी ओलांडते, पादुकांना नीरास्नान घडते आणि सातारा जिल्ह्याच्या भूमीवर सोहळ्याचा मुक्काम पडतो तो लोणंदला. एरवी कांद्याची बाजारपेठ आणि पुणे-मिरज मार्गावरील रेल्वेस्थानक एवढीच ज्याची ओळख सांगितली जाते, त्या लोणंदच्या परिसराचा ज्ञानाशी असलेला संबंध जुना आणि खोल आहे. इ. स. १२९० मध्ये ज्ञानदेवांनी गीतेचे तत्त्वज्ञान लोकांच्या भाषेत आणले. त्यांच्या पालखीची वाट येथून जाते. लोणंद ज्या खंडाळा तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील नायगावात ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले यांचा जन्म झाला. याच जिल्ह्यात १९१९ साली काले या खेड्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेचे बीज पेरले. या तिघांचा काळ वेगळा, कार्यपद्धती वेगळी. परंतु ज्ञान ज्याच्यापर्यंत पोहोचत नाही त्याच्यापर्यंत ते नेण्याची तळमळ एकच. त्या त्या काळात हाती जे साधन होते ते त्यांनी वापरले; कोठे लोकभाषा, कोठे मुलींची शाळा, तर कोठे वसतिगृह.

आज त्याच भूमीत एखाद्या वाडीवरील जिल्हा परिषद शाळेत शिकवणारा तरुण शिक्षक डोळ्यांसमोर आणावा. दोन शिक्षकी शाळा, चार इयत्ता, पालक शेतात, बाजार समितीत किंवा औद्योगिक वसाहतीत कामाला. या शिक्षकाच्या खिशात जो भ्रमणध्वनी आहे, त्यात साऱ्या जगाचे ग्रंथालय सामावलेले आहे. ज्वालामुखी कसा उसळतो, व्हेल मासा केवढा असतो, रायगडाचा नगारखाना कसा दिसतो, हे तो क्षणात मुलांना दाखवू शकतो. पालकांचा व्हॉट्सॲप गट त्याने केला आहे. स्वतः केलेल्या चित्रफिती यूट्यूबवर टाकाव्यात, मुलांनाही या माध्यमांत आणावे, असा विचार त्याच्या मनात घोळतो आहे. परंतु त्याच वेळी त्याला हेही दिसते की, हेच यंत्र घरी मुलांच्या हाती गेले की पाढे मागे पडतात आणि डोळे पडद्याला चिकटतात. मग त्याने काय करावे? हा प्रश्न त्या एका शिक्षकाचा वाटला, तरी त्याचे उत्तर समाजालाच द्यावे लागणार आहे.

या विषयावर आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, आता शाळा डिजिटल झाली की शिक्षणाचे सारे प्रश्न सुटले. दुसरा पक्ष म्हणतो, ही सारी यंत्रे म्हणजे संस्कारांवरील संकट, ती शाळेच्या फाटकाबाहेरच ठेवावीत. दोन्ही पक्षांची दृष्टी यंत्रावर खिळलेली आहे. यंत्राच्या शेजारी कोण उभा आहे, हे पाहण्याची तसदी दोघेही घेत नाहीत. वास्तविक या बाबतीत महाराष्ट्राच्या गाठी चांगला सत्तर वर्षांचा अनुभव आहे.

१९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने एक प्रयोग केला. पाच मराठी जिल्ह्यांतील दीडशे खेड्यांत रेडिओ श्रोतृमंडळे स्थापन करण्यात आली. गावातील पंधरा-वीस माणसे ठरलेल्या दिवशी एकत्र बसत, शेती, आरोग्य, गावकारभार अशा विषयांवरील कार्यक्रम ऐकत आणि तो संपल्यावर त्यावर चर्चा करीत. आपले प्रश्न ते केंद्राकडे पाठवत आणि पुढच्या कार्यक्रमातून त्यांची उत्तरे मिळत. या प्रयोगाचे मोजमापही काटेकोरपणे झाले. श्रोतृमंडळे असलेल्या गावांची तुलना मंडळे नसलेल्या गावांशी करण्यात आली. त्यांत रेडिओ असलेली गावेही होती. निष्कर्ष स्पष्ट होता. मंडळांच्या गावांत लोकांच्या ज्ञानात लक्षणीय भर पडली. जेथे मंडळ नव्हते तेथे रेडिओ असूनही फारसा फरक पडला नाही. रेडिओचे खोके तेच, आवाजही तोच. फरक पडला तो एकत्र बसून, ऐकून, बोलून घेण्याने आणि ते घडवून आणणाऱ्या गावातल्या माणसाने.

पुढे जगाने हाच धडा मोठी किंमत मोजून पुन्हा घेतला. प्रत्येक मुलाच्या हाती स्वस्त लॅपटॉप द्यावा, म्हणजे ते आपले आपण शिकेल, अशी एक कल्पना अमेरिकेतून निघाली आणि जगभर गाजली. तिचा भारतातील पहिला प्रयोग २००७ साली आपल्याच रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातील एका छोट्या जिल्हा परिषद शाळेत झाला. देशाने ती योजना मोठ्या प्रमाणावर स्वीकारली नाही. दक्षिण अमेरिकेतील पेरू या देशाने मात्र आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले. २०१२ साली त्याचे मूल्यमापन प्रसिद्ध झाले, तेव्हा गणित व भाषा या विषयांत मुलांची प्रगती झाल्याचा पुरावा आढळला नाही. यंत्र पोहोचले होते. ते वर्गात कसे वापरावे, याची शिक्षकांची तयारी त्या प्रमाणात झाली नव्हती.

याउलट उदाहरण आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्याचे. माढा तालुक्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेत २००९ साली रणजितसिंह डिसले हे शिक्षक रुजू झाले, तेव्हा गुरांचा गोठा आणि अडगळीची खोली यांच्यामध्ये ती शाळा भरत होती. मुलांना शाळेत आणण्यापासून सुरुवात होती. डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकातील पाठ व कविता ध्वनिफिती आणि चित्रफितींच्या रूपात तयार केल्या आणि क्यूआर कोड या चौकोनी संकेताने त्या पुस्तकाच्या पानाशी जोडल्या. पुस्तक बाजूला सारून त्याच्या जागी पडदा आणला, असे त्यांनी केले नाही. पुस्तकाच्या पानालाच वाचा दिली. आज बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवर हे संकेत सर्वांच्या परिचयाचे झाले आहेत, आणि २०१७ पासून केंद्र शासनाच्या ‘दीक्षा’ या व्यासपीठावरही पाठ्यपुस्तकांशी जोडलेले साहित्य उपलब्ध आहे. डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांना वाटून दिली. त्यांच्या तंत्रज्ञानाची चर्चा खूप झाली. परंतु आपल्या वर्गातील मुलाला नेमके कशाचे अडते आहे, हे त्यांना आधी कळले आणि साधन त्यानंतर हाती घेतले गेले, हा क्रम अधिक महत्त्वाचा आहे.

सातारा जिल्ह्यातही असे उदाहरण आहे. माण तालुका हा दुष्काळी. तेथील विजयनगरच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक बालाजी जाधव यांनी २०२० च्या टाळेबंदीत, ज्या घरी स्मार्टफोन नाही त्या मुलांसाठी, साध्या फोनवरील कॉन्फरन्स कॉलचा उपयोग केला आणि मुलांना गोष्टी ऐकवल्या, त्यांच्याशी संवाद ठेवला. ना महागडे उपकरण, ना इंटरनेट. साऱ्या जगात आभासी वर्गांची चर्चा चालू असताना या शिक्षकाने आपल्या मुलांच्या घरात काय आहे ते पाहिले आणि जे आहे त्यावर काम भागवले. खरे तंत्रज्ञान यालाच म्हणावे.

त्या टाळेबंदीने आणखी एक सत्य उघडे केले. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणविषयक सर्वेक्षणानुसार, शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते, ते २०२० मध्ये ६१.८ टक्के झाले. म्हणजे शाळा बंद असताना दहांपैकी जवळजवळ चार मुलांच्या घरी तो नव्हताच. ज्यांच्याकडे होता, तेथेही भावंडे तीन आणि फोन एक, तोही वडिलांबरोबर दिवसभर बाहेर. ज्या शाळेने सर्वांसाठी एकच फळा ठेवला, त्या शाळेतील समता घराघरांतील विषमतेसमोर उघडी पडली. म्हणूनच डिजिटल साधनांचा विचार करताना पहिला निकष हाच असला पाहिजे की, वर्गातील सर्वांत गरीब मुलापर्यंत ते पोहोचते का? जे पोहोचत नाही ते वर्गात सर्वांसमोर, एकत्र वापरावे. गृहपाठ म्हणून घरी पाठवू नये.

आता परिस्थिती बदलली आहे आणि प्रश्नही बदलला आहे. २०२४ च्या ‘असर’ अहवालानुसार ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयोगटातील ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी ५७ टक्के मुलांनी आधीच्या आठवड्यात तो शिक्षणाशी संबंधित कामासाठी वापरला होता, तर ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी. काल चिंता होती की फोन पोहोचत नाही. आज चिंता आहे की तो पोहोचल्यावर मुलाला कोठे घेऊन जातो.

येथे आपल्या शिक्षकाच्या मनातील समाजमाध्यमांच्या प्रश्नाकडे यावे लागते. डिजिटल साधन आणि समाजमाध्यम यांत भेद करणे अत्यावश्यक आहे. नकाशा, शब्दकोश, चित्रफीत, ध्वनिमुद्रण ही साधने आहेत; काम झाले की ती बाजूला ठेवता येतात. समाजमाध्यमांची रचना मात्र ती बाजूला ठेवली जाऊ नयेत अशीच केलेली असते. त्यांचा व्यवसाय जाहिरातींवर चालतो आणि जाहिरातीला हवे असते ते माणसाचे लक्ष. शिक्षक मुलाचे लक्ष मागतो ते त्याच्या हितासाठी. हे व्यासपीठ ते मागते विकण्यासाठी. या दोघांच्या झटापटीत दहा-बारा वर्षांच्या मुलाला उभे करणे योग्य नाही. सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते उघडू न देण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकणारा कायदा ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये केला आणि डिसेंबर २०२५ पासून तो अमलात आणला. आपल्याकडील २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानेही अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळलेल्या संमतीचे आणि मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींच्या मनाईचे तत्त्व स्वीकारले आहे. मग शाळेच्या कार्यक्रमातील मुलामुलींची छायाचित्रे नावगावासह सर्व जगाला पाहता येतील अशी टाकताना आपण दोनदा विचार करतो का? कौतुकाच्या भरात होणारी ही चूक आहे, पण चूकच आहे.

याचा अर्थ शिक्षकाने समाजमाध्यमांकडे पाठ फिरवावी असा नाही. त्यांचा सर्वांत चांगला उपयोग शिक्षकाच्या स्वतःच्या शिकण्यासाठी आहे. पूर्वी वाडीवरचा शिक्षक एकटा असे. एखाद्या मुलाला भागाकार समजत नसेल तर विचारायचे कोणाला? आज तोच प्रश्न तो शेकडो सहकाऱ्यांसमोर ठेवू शकतो. कोणी स्वतः केलेली कृतिपत्रिका पाठवतो, कोणी खडे आणि बिया वापरून भागाकार कसा शिकवला ते दाखवतो. महाराष्ट्रातील असंख्य शिक्षकांनी कोणत्याही मोबदल्याविना असे साहित्य परस्परांना दिले आहे. १९५६ च्या श्रोतृमंडळांचाच हा नवा अवतार म्हणता येईल. पालकांचा गटही उपयुक्तच. मात्र तो सूचनांपुरता असावा, रात्री-अपरात्री शुभेच्छांचा पाऊस पाडण्यासाठी नव्हे.

परंतु शिक्षकाला हे सारे करण्यास वेळ आहे का? ज्या यंत्राने त्याने शिकवायचे, त्याच यंत्रातून त्याच्यावर माहिती भरण्याचे आदेश कोसळत असतात. नोव्हेंबर २०१६ मध्ये शासनाने विद्यार्थ्यांसह दर आठवड्याला ‘सेल्फी’ काढून ती सरल प्रणालीवर चढवण्याचा आदेश काढला होता. तीव्र विरोधानंतर जानेवारी २०१७ मध्ये तो स्थगित करावा लागला. हेतू गळती रोखण्याचा होता, परंतु हजेरीच्या त्या रीतीत वर्गातील किती मिनिटे खर्ची पडणार, याचा विचार आधी झाला नव्हता. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्यातील प्राथमिक शिक्षकांनी आंदोलन केले. त्यांच्या मागण्या शिक्षकनियुक्ती आणि पदांसंबंधीच्या होत्या. पण निषेधाचा मार्ग म्हणून त्यांनी काळ्या फिती लावल्या आणि प्रशासकीय व्हॉट्सॲप गटांतून बाहेर पडणे पसंत केले. ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. शिक्षक यंत्राला विरोध करतो असे आपण म्हणतो, तेव्हा त्याच्या दृष्टीने ते यंत्र शिकवण्याचे साधन राहिले आहे की पाळतीचे, हेही पाहिले पाहिजे.

दुसरी बाजू समाजाच्या कर्तव्याची. ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम जून २०१५ मध्ये सुरू झाला, त्यानंतरच्या काळात लोकवर्गणीतून असंख्य शाळांत संगणक, प्रक्षेपक आणि मोठे पडदे आले. खेड्यातील माणसाने शाळेसाठी मोकळ्या हाताने दिले, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु उद्घाटनाची फीत कापणे सोपे असते. वीजबिल भरणे, बिघडलेली जोडणी दुरुस्त करणे आणि नव्याने बदलून आलेल्या शिक्षकाला ते चालवायला शिकवणे अवघड असते. कपाटात बंद होऊन धूळ खाणारी यंत्रे कोणत्याही तालुक्यात पाहायला मिळतील. देणाऱ्याने वस्तूबरोबर तीन वर्षांची देखभालही द्यावी, असा दंडक गावोगावी घालून घेतला तर कितीतरी पैसा आणि उत्साह वाया जाणार नाही.

आणखी एक गोष्ट. वाचता न येणाऱ्या मुलाला पडदा तारू शकत नाही. २०२४ च्या ‘असर’ पाहणीत देशातील ग्रामीण भागातील सरकारी शाळांमध्ये तिसरीच्या केवळ २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. ही आधीच्या वर्षांच्या तुलनेत सुधारणा आहे, तरीही चारपैकी तीन मुले मागेच आहेत. ज्याला वाचता येत नाही, तो महाजालावर केवळ प्रेक्षक होतो. शोधक होऊ शकत नाही. म्हणून पाटी-पुस्तकाचे स्थान अढळ आहे. याच जिल्ह्यात महाबळेश्वरजवळचे भिलार हे २०१७ पासून पुस्तकांचे गाव म्हणून ओळखले जाते. आपल्या शाळेची सहल एकदा तेथे नेणे हे शंभर चित्रफितींहून मोलाचे ठरेल.

मग शिक्षकाने या साधनांतून मुलांना काय द्यावे? जगाची ओळख तर द्यावीच, पण आपल्या मातीची ओळखही द्यावी. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. त्यांतील कितीतरी आज महाजालावर त्या मायमाउल्यांच्याच आवाजात ऐकता येतात. त्या वर्गात ऐकवाव्यात आणि मग मुलांना सांगावे की, आपल्या आजीला कोणती ओवी येते ते विचारून या, ती वहीत उतरवा, शक्य असेल तर गुरुजींच्या फोनवर ध्वनिमुद्रित करा. लोणंदच्या मुलांनी बाजारातील कांद्याचे आठवड्याचे भाव टिपून त्यांचा आलेख संगणकावर काढावा. टक्केवारी आणि सरासरी त्यांना आयुष्यभर विसरता येणार नाही. वारीच्या वाटेवरील दिंड्यांतील वृद्ध वारकऱ्यांच्या मुलाखती घ्याव्यात. अशा वेळी मूल पडद्यासमोर बसलेले नसते, माणसासमोर बसलेले असते. यंत्र त्याची आठवण जपण्यापुरते असते.

शाळेने एवढे केले, तरी घराने आपली बाजू सांभाळली नाही तर सारे व्यर्थ. सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या ऑगस्टमध्ये एक निश्चय केला. सायंकाळी सात वाजता गावात भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत दूरचित्रवाणी संच व भ्रमणध्वनी बंद राहतील. त्या वेळात मुलांनी अभ्यास करायचा आणि मोठ्यांनी वाचन किंवा आपापसांत संवाद. त्यासाठी ना कायदा लागला ना अनुदान. ग्रामसभेत ठरले आणि गावाने ते मनावर घेतले. यातील मर्म असे की, बंधन मुलांवर घातले गेले नाही, घरावर घातले गेले. स्वतः हातात फोन घेऊन मुलाला ‘अभ्यास कर’ म्हणणाऱ्या पालकाचे शब्द मुलाच्या कानापर्यंत जातात, मनापर्यंत नाही.

म्हणून आमचे सांगणे कार्यकर्त्यांना आणि सर्वच कुटुंबांना आहे. आपल्या गावातील शाळेत एकदा जावे आणि गुरुजींना विचारावे, आपल्याला काय हवे? कदाचित ते नवा पडदा मागणारच नाहीत. जुन्या संगणकाची दुरुस्ती करून देणारा एखादा तरुण, आठवड्यातून दोन तास मुलांचे वाचन ऐकणारी एखादी निवृत्त आजी, किंवा मुलांची छायाचित्रे बाहेर जाऊ न देण्याबद्दल शाळा व्यवस्थापन समितीचा एक ठराव, एवढेच ते मागतील. ते द्यावे. शासनाकडेही मागावे ते इतकेच की, माहिती भरण्याचे काम शिक्षकाच्या माथ्यावरून उतरवावे आणि कोणते साधन कधी वापरायचे याचा निर्णय वर्गात उभ्या असलेल्या माणसावर सोपवावा.

लोणंदहून पालखी पुढे निघते, तेव्हा दिंडीत टाळ अनेक असतात, मृदंग असतात, पताका असतात. परंतु दिंडीचा प्रमुख असतो तो वीणा घेतलेला विणेकरी. वाद्ये वाढली म्हणून त्याचे काम कमी होत नाही, उलट वाढते. वर्गात नवी साधने येत राहतील, आणि यावीतही. वीणा मात्र गुरुजींच्याच हाती राहिली पाहिजे, आणि ती तेथे राहील याची काळजी त्यांच्यामागे चालणाऱ्या समाजाने घेतली पाहिजे.